खेचर

व्हॅन नाइसच्या त्या गोडाऊनला खिडकी नव्हती.
उन्हाळ्यात रेझिन हातातच घट्ट व्हायचं
आणि हागोप तेरझियन आधी इंग्रजीत शिव्या द्यायचा,
मग आर्मेनियनमध्ये त्या परत घ्यायचा.

आधी त्यानं अल्बा केली.
आठ महिने. तीनशे बारा दिवे,
सुरईसारखी मान, केसाएवढ्या तारा.
उचलायला चार माणसं लागत
आणि दिवे लावले की अकराव्या मिनिटाला
आतून जळका वास.
पडद्यावर ती आली एकदाच,
चार सेकंद.
बायकोला दाखवायला त्यानं बोट उचललं
तोवर साबणाची जाहिरात लागली होती.

मग एका शुक्रवारी फोन:
सोमवारी मालवाहू यान पाहिजे, कसलंही चालेल.
खेळण्यातल्या रणगाड्याची चाकं,
अंड्यांचा ट्रे, रेझरच्या दोन मुठी,
केस वाळवायच्या यंत्राचं तोंड.
रविवारी रात्री लॉरीन व्होग्टनं राखाडी फवारा मारला,
मागे सरकली, मान तिरकी केली.
हे तर खेचर दिसतंय, म्हणाली.

आपला शब्द किती सोयीचा:
आकाशात फिरतो तो खेचर,
पाठीवर गोणी घेतं तेही खेचर.
तिला बिचारीला अर्धाच अर्थ ठाऊक.

खेचराला बाजू एकच होती, उजवी.
डावीतून तारा लोंबायच्या; तिकडे रंग नाही, काही नाही.
म्हणून ते कायम डावीकडून उजवीकडे जायचं,
अख्ख्या आकाशगंगेची वाहतूक एकाच दिशेनं.
कुणी घरी परतायचं असलं
तर फिल्म उलटी छापायची.
परतणाऱ्यांच्या यानावर
नाव नेहमी उलटं.

सुंदर होतं म्हणून नव्हे. साचा होता म्हणून.
लाल पट्टा मारला की शत्रूचं,
पांढरा मारला की इस्पितळ.
डेल प्रुइट हिशेब ठेवायचा,
त्याच्या वहीत कवितेसारख्या छोट्या ओळी:
खेचर, निघताना, सहा सेकंद, पैसे दिलेले.
खेचर, ग्रहामागून, नऊ सेकंद, पैसे दिलेले.
अल्बापुढे फक्त एक आकडा,
त्याखाली दोन रेघा.

तिसऱ्या वर्षी लेखकांना कंटाळा आला,
त्यांनी ते मारलं.
प्लास्टरची प्रत, आत दारू, वर थोडा मैदा.
फार छान फुटलं.
पुढच्या गुरुवारी ते परत डावीकडून उजवीकडे गेलं.
नऊ सेकंद. पैसे दिलेले.

नेब्रास्कातून ऑरिन हॅस्केलचं पत्र, वय दहा:
ते तर मेलं होतं ना?
हागोपनं कार्ड पाठवलं:
तुझ्या गावच्या रस्त्यावर उभा राहा
आणि एकसारखे ट्रक मोज.
महिन्याभरानं उत्तर आलं, शिसपेन्सिलीनं:
मोजले. एकतीस. सगळे सारखे.
एका ड्रायव्हरनं हात केला.
ते कार्ड बरीच वर्षं
रेझिनच्या कपाटाला आतून चिकटवलेलं होतं.

गोडाऊन विकलं तेव्हा हागोप नव्हता.
अल्बाला कुणीतरी काचेत नेऊन ठेवलं;
तिथं लोक तिच्यापुढे उभे राहून विचारतात,
खेचर कुठाय?
खेचरं चौदा निघाली, सगळी धुळीनं सारखीच राखाडी.
पहिलं कुठलं, डेलच्या वहीतही नव्हतं.

लॉरीननं एकेक उचलून डावी बाजू पाहिली.
नवव्यावर सापडलं हागोपचं अक्षर:
ही बाजू दिसत नाही. रंगवू नये.
खाली सँडविचचा हिशेब,
कुणाचा तरी फोन नंबर
आणि अगदी मागच्या टोकाला, नखाएवढी,
रंगवलेली एक खिडकी.

आत दिवा नव्हता.
पडदा होता. किंचित बाजूला सारलेला.